चौदाव्या ओळीतली खिडकी

"अगं, ताट जरा तिकडं घे. विमानावर आमटी सांडेल," हे म्हणाले.

मी ताट सरकवलं. चौथ्या दिवसापासून तर आम्ही खाली पाट मांडूनच जेवायला लागलो, कारण टेबलावर विमान पसरलं होतं. पुण्याच्या आमच्या लेकीनं, तृप्तीनं, विमानातल्या सीटांचा नकाशा मोबाइलवर पाठवला होता. मोबाइलवरचं ह्यांना दिसत नाही. म्हणून ह्यांनी तो झेरॉक्सच्या दुकानातून चार कागदांवर मोठा करून आणला, कागद डिंकानं जोडले, आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन त्याच्यापुढं बसले. हे तीन आठवडे चाललं. मुंबई ते लंडन नऊ-दहा तासांचा प्रवास, पुढं दहा दिवसांची सहल, पण सहलीत काय काय बघायचं आहे हे आमच्या घरात कुणी एकदाही वाचलं नाही.

सात वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते.

ह्यांचं नाव जालिंदर निकम. विट्याच्या एसटी स्टँडवर हे एकतीस वर्षं आरक्षणाच्या खिडकीत बसले. आता जाळीआड बसून तिकीट फाडायला काय लागतं, असं तुम्हाला वाटेल. पण हे माणूस बघून सीट द्यायचे. गुडघे धरलेल्या गुरुजींना पुढचं दार. पोटुशी बाई असली की चाकाच्या चार ओळी अलीकडं. आमच्याकडची गलाईवाली माणसं, म्हणजे सोनं-चांदी गाळायला पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत गेलेली, ती गावाला येऊन परत निघाली की ह्यांच्याकडंच यायची आणि नुसतं म्हणायची, "भाऊसाहेब, नेहमीची." आणि ह्यांना ती नेहमीची आठवायची. कुणाला पंख्याखाली लागते, कुणाला ड्रायव्हरच्या मागची चालत नाही, कुणाचं शेजाऱ्याशी वाकडं आहे, सगळं डोक्यात. अख्खा तालुका ह्यांना दुवा द्यायचा. एक गोष्ट मात्र हे कधी करायचे नाहीत. एकदा दिलेली सीट बदलायचे नाहीत. तहसीलदाराची बायको जाळीला नाक लावून उभी राहिली, तरी बदलली नाही.

तर असा हा माणूस रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच विमानात बसणार होता. साहजिकच त्यानं विमानाची एसटी करून टाकली.

"हे पंख म्हणजे चाकच समज," पेन्सिल टेकवत हे म्हणाले. "त्याच्यावर बसलं की हादरे. शेवटच्या पाच ओळी तर बघायच्याच नाहीत, कमरेचा खुळखुळा होतो. दाराजवळ थंडी. पुढच्या ओळीत लेकुरवाळ्या. मला बारा ते सतराच्या मधेच पाहिजे."

"आणि कोण कुठं बसणार?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"आक्का खिडकीत, मी मधे, तू कडेला."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असते, आणि 'जालू जाणार तर मी काय घराला राखण बसू काय' म्हणून तीही निघाली होती. आक्काला एसटीत उलटी होते. जीपमध्ये होते. एकदा ट्रॅक्टरवर झाली होती. आणि आमच्या घरात एक नियम होता: ज्याला उलटी होते त्याची खिडकी. तो कुणी केला माहीत नाही, पण माझ्या लग्नापासून तो चालू आहे. पहिल्यांदा सासूबाईंना व्हायची, मग तृप्तीला व्हायला लागली, मग आक्का राहायला आली. माझं पोट मात्र दगडाचं. घाटात शेंगदाणे खाल्ले तरी मला काही होत नाही. त्यामुळं आयुष्यभर मी कडेच्या सीटवर. मी महाराष्ट्र बघितला तो कंडक्टरच्या पिशवीखालून. आंबा घाटात मोठी दरी आहे असं ऐकून आहे.

मला खिडकी पाहिजे होती. दुसरं काही नको होतं. लंडनही नको होतं म्हटलं तरी चालेल. विमान दुपारी निघणार, सूर्याच्या मागं मागं जाणार, लंडनला पोचेपर्यंत अंधार म्हणून पडणार नाही, असं तृप्तीनं सांगितलं होतं. दहा तास उजेड, आणि खाली अख्खी पृथ्वी. ते ऐकल्यापासून मला भाकरी थापताना दुसरं सुचत नव्हतं.

"खिडकीतून म्हणे बर्फाचे डोंगर दिसतात," मी म्हटलं.

"आक्का सांगेल की तुला," हे म्हणाले.

"मी कशाची सांगते?" आक्का शेंगा सोलत होती. "मी डोळे मिटून पिशवीत तोंड घालून बसणार."

"तरी पण खिडकी आक्काचीच," हे म्हणाले, आणि निळ्या पेन्सिलीनं तिथं आ काढला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तृप्तीला फोन लावला. म्हटलं, बाबांना सांग, आईला खिडकी पाहिजे.

"मग तू सांग ना त्यांना," ती म्हणाली.

"तू सांग. तुझं ऐकतात."

"आई, तू कधी सांगून बघितलंयस का?"

मी जरा आठवून बघितलं. सुचवून बघितलं होतं. उसासे टाकून बघितले होते. एकदा कोल्हापूरला जाताना अख्खा रस्ता मान वळवून बसले होते, त्यानं मान आखडली आणि ह्यांनी आठ दिवस ती शेकून दिली. पण सांगून? सांगून नव्हतं बघितलं. आमच्यात बाईनं स्वतःसाठी असं तोंडानं मागायची पद्धत नव्हती. समोरच्यानं ओळखायचं असतं. आणि हे तर अख्ख्या तालुक्याचं ओळखत होते.

रात्रभर तयारी केली. सकाळी चहाचा कप विमानाच्या शेपटीवर ठेवला आणि म्हटलं, "मला खिडकी पाहिजे."

ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठली खिडकी?"

"विमानातली. मला खिडकीत बसायचंय."

"तुला?"

"मला."

 मी म्हणजे कुणी अनोळखी बाई पहाटे घरात शिरली आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "अगं पण, वारा..." असं काहीतरी ते बोलायला लागले.

"विमानाची खिडकी उघडत नाही," मी म्हटलं. "तृप्तीनं सांगितलंय."

मला राग आला होता. मागून बघितलं तर ह्यांना वारा आठवला. आता ऊन आठवेल, मग आक्का आठवेल. पण आक्कानंच मधे तोंड घातलं. "बसू दे रे तिला. मी गोळी घेते. तसंही मला कडेला बरं, संडासला पळायला."

ह्यांनी रबर घेऊन आक्काचा आ पुसला.

पण तोवर उशीर झाला होता. तृप्तीनं दुपारी बघितलं तर लोकांनी चांगल्या चांगल्या सीटा धरल्या होत्या. बारा ते सतराच्या मधे सलग तीन अशा एकाच ओळीत शिल्लक. चौदावी. डावी बाजू, पंखाच्या बरोबर पुढं, ना दार ना संडास. फक्त नकाशात तिथली खिडकीची सीट पिवळी रंगवलेली होती.

"बाबा, पिवळं म्हणजे काहीतरी सूचना असते," तृप्ती फोनवर म्हणाली. "खाली बारीक अक्षरात असेल बघा. माझी मीटिंग आहे, मी संध्याकाळी बघते."

हे हसले. कीव आल्यासारखे हसले. "तिला काय कळतंय," फोन ठेवून मला म्हणाले. "अगं, पिवळी म्हणजे कोट्यातली. आमच्याकडं नव्हत्या का, आमदारांची, स्वातंत्र्यसैनिकाची? शेवटपर्यंत राखून ठेवायच्या, आणि कुणी नाही आलं की सोडायच्या. इथल्या कुठल्या तरी बड्या माणसाचा दौरा रद्द झाला असणार. नाहीतर अशी सीट लोक सोडतात व्हय?"

बारीक अक्षरं त्यांनी शोधली, नाही असं नाही. पण ती दोन कागदांच्या जोडाखाली, डिंकात गेली होती. संध्याकाळची वाट न बघता ह्यांनी पलीकडच्या पोराकडून त्या सीटा पक्क्या करून घेतल्या आणि लाल पेन्सिलीनं नकाशावर शा काढला. शालनचा शा. आमच्या घरात माझं नाव कुठल्या खिडकीवर लिहिलं जाण्याची ही पहिली वेळ. हे बाहेर गेल्यावर मी जाऊन दोनदा बघून आले.

आता विमानातलं सांगते. आत शिरलो तेव्हा हे पुढं होते. वरचे आकडे मोठ्यानं वाचत चालले होते, दहा, अकरा, बारा, जसं काही मागच्या लोकांना आकडे येत नव्हते. चौदाला थांबले, बाजूला झाले आणि हात पुढं करून मला म्हणाले, "बस."

मी आत सरकले आणि बसले. डावीकडं मान वळवली.

खिडकी नव्हती.

पुढच्या ओळीला होती. मागच्या ओळीला होती. चौदाव्या ओळीला पांढरी गुळगुळीत भिंत होती, शाळेच्या ऑफिसला असते तशी. मी वर बघितलं, खाली बघितलं. हे वाकून आत आले आणि भिंतीवर तळहात फिरवला. मग बोटानं ठोकून बघितलं.

"इथं असायला पाहिजे," हे म्हणाले.

"जालू, खिडकी टेबलावरच राहिली का रे?" आक्कानं विचारलं.

मला रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला खिडकीपायी रडू येतं, हे कळून मला स्वतःचाच राग आला आणि आणखी रडू आलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायच्या निमित्तानं मान खाली घातली. "राहू दे," म्हटलं. "चालतंय मला. बसा तुम्ही, लोक खोळंबलेत."

हे बसले नाहीत. त्यांनी विमानातल्या मुलीला बोलावलं आणि हिंदीतून सांगितलं की ही खिडकीची सीट आहे, पण हिला खिडकी बसवायची राहिली आहे. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "सर, सीटच्या नकाशात तशी सूचना होती. आज विमान पूर्ण भरलंय, मला बदलून देता येणार नाही."

"बदलून देता येणार नाही," हे स्वतःशीच म्हणाले. हे वाक्य ह्यांनी एकतीस वर्षं किती लोकांना ऐकवलं असेल. ऐकायला मात्र पहिल्यांदा मिळालं.

मग ह्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि मागं चालायला लागले. मला वाटलं संडासला चालले. मी मान वर काढून बघते तर हे सोळाव्या ओळीत खिडकीजवळ बसलेल्या एका जोडप्यापुढं वाकलेले. हात छातीशी. ती दोघं एकमेकांकडं बघून नाही म्हणाली. हे अठराव्या ओळीला गेले. तिथल्या माणसाच्या कानात कसलीतरी बोंडं होती, त्याला ऐकूच आलं नाही. ह्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला, तो दचकला, आणि मग त्यानंही मान हलवली. ह्यांचे कान लाल झालेले मला तिथून दिसत होते. ह्या माणसाला मी कधी कुणापुढं वाकलेलं बघितलं नव्हतं. सासऱ्यांच्या आजारपणातसुद्धा डॉक्टरांशी ताठ उभं राहून बोलायचे. लोकच ह्यांच्यापुढं वाकायचे, कारण ती जाळीची खिडकी खालीच होती.

"काय करतोय गं हा?" आक्का म्हणाली.

"सीट मागतायत," मी म्हटलं.

पार मागं जाऊन हे दिसेनासे झाले. पाच-सात मिनिटांनी आले ते एका गोऱ्यापान, उंच, म्हाताऱ्या साहेबाला घेऊन. साहेबाच्या बगलेत उशी होती.

"चल," हे मला म्हणाले. "एक्केचाळीसला. पार मागं आहे, हादरे बसतील. पण खिडकी आहे. मी बघून आलो, बाहेरचं दिसतंय."

साहेबानं चौदाव्या ओळीची भिंत बघितली. मला वाटलं हा आता भांडणार. पण तो खूश झाला. त्यानं उशी भिंतीला लावली, डोकं टेकलं, आणि आक्का नंतर सांगत होती त्याप्रमाणं लंडन येईपर्यंत उठला नाही.

मागं विमान निमुळतं होतं, तिथं दोन-दोनच सीटा होत्या. माझ्या शेजारी नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. मी बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या खिशातली कागदी पिशवी काढून उघडली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"संकोच करू नका," त्या म्हणाल्या. "किती वर्षांपासून आहे हा त्रास?"

"कसला?"

"तुमचे मिस्टर सांगत होते ना त्या माणसाला. 'माय वाइफ, नो विंडो, फुल व्हॉमिटिंग.' अभिनय पण करून दाखवला. तो बिचारा तेवढ्यावरच उठला."

मी पिशवी घडी घालून परत ठेवली. म्हटलं, आता बरं वाटतंय.

आणि मग विमान उडालं. ते मी काही सांगत बसणार नाही, कारण ज्याला सांगायला जाते तो म्हणतो की सगळ्यांनाच तसं दिसतं. मुंबई खाली गेली, समुद्र आला, समुद्रावर आमच्याच विमानाची सावली पळताना दिसली. मग नुसतं पिवळं वाळवंट, तासभर. मग डोंगर. डोंगरांवर बर्फ होता. मी काचेला कपाळ लावून बसले होते. काच गार होती. मला इतका आनंद झाला होता की मधेच मला तृप्तीचा, ह्यांचा, आक्काचा, कुणाचाच विचार नव्हता, आणि त्याची लाजही वाटली नाही.

तीनेक तासांनी हे आले. सीटला धरून उभे राहिले. "दिसतंय का?" म्हणाले.

"दिसतंय."

"हादरे?"

"नाहीत."

डॉक्टरीणबाई समजूतदार. "बसा तुम्ही थोडा वेळ, मी पाय मोकळे करून येते," म्हणाल्या आणि गेल्या. हे माझ्याशेजारी बसले. काही वेळ आम्ही दोघं त्या एवढ्याशा काचेतून बर्फाकडं बघत राहिलो. ह्यांच्याबद्दल मला फार माया वाटत होती. विमानभर वाकत गेलेला माणूस डोळ्यांपुढून जात नव्हता. त्या मायेतच मी विचारलं, "एवढं करता येतं तुम्हाला. मग इतक्या वर्षांत एकदा तरी मला खिडकीत बसवावं असं कसं वाटलं नाही?"

ह्यांनी चमकून बघितलं. "तुला? तुला तर वाऱ्यानं त्रास होतो."

"मला? कधी?"

"कधी म्हणजे? तूच सांगितलंस. लग्नानंतर आपण पालीला खंडोबाला गेलो तेव्हा. मी म्हटलं, खिडकीत बस. तू म्हणालीस, नको, वाऱ्यानं माझं डोकं दुखतं, मी कडेलाच बरी." हे मला समजावून सांगत होते. "तेव्हापासून मी तुला कधी खिडकीत बसू दिलंय का सांग. तुळजापूरला जाताना आक्का उठत होती तुझ्यासाठी, मी म्हटलं, नको, हिला सोसत नाही. दर वेळी मी आधी तुझी कडेची धरायचो, मग बाकीच्यांचं बघायचो."

मला ती बस आठवली. मी अंगावर हळद असलेली नवी नवरी, आणि मागं सासूबाई उभ्या, हातात नारळाची पिशवी, नजर खिडकीवर. अशा वेळी सून दुसरं काय बोलणार? वारा तर सुचला म्हणून बोलले. तो नसता सुचला तर ऊन बोलले असते.

"तुमच्या आई उभ्या होत्या," मी म्हटलं. "म्हणून म्हटलं मी तसं."

"म्हणजे डोकं दुखत नाही तुझं?"

"नाही."

 त्यांच्या कपाळावर आठी पडली, एकाच सीटवर दोन तिकिटं फाडली गेली की पडायची तशी. मला मात्र एकदम शंका आली. म्हटलं, "आणखी काय काय लक्षात ठेवलंय माझं?"

"सगळं," हे म्हणाले. अभिमानानं म्हणाले. आणि बोटांवर मोजत सांगायला लागले. "तुला साय आवडत नाही. म्हणून मी कधी आणू देत नाही वाटी तुझ्यापुढं. कॉफी चालत नाही, आपण सगळे कॉफी प्यायलो तरी तुला चहा. जत्रेतल्या पाळण्याची तुला भीती वाटते. माहेरी जास्त दिवस करमत नाही. आणि सगळ्यांची जेवणं झाली की मग शेवटी एकटीनं निवांत जेवायला तुला आवडतं."

खाली बर्फ संपून तपकिरी डोंगर लागले होते. मी तिकडं बघत राहिले, कारण ह्यांच्याकडं बघवत नव्हतं. साय तेव्हा एकच वाटी होती आणि धाकटा दीर आजारातून उठला होता. कॉफी पाहुण्यांत एक कप कमी पडली होती. पाळण्याला आक्काची पोरं पुढं गेली आणि जागा संपली. माहेराहून चौथ्या दिवशी परत ये म्हणून सासऱ्यांची चिठ्ठी आली होती. आणि शेवटी जेवायला तर कुणालाच आवडत नाही.

"हे सगळं मी एका महिन्यात बोलले," मी म्हटलं. "लग्न झालं त्या महिन्यात. खरं त्यातलं काही नव्हतं."

"काहीच?"

"काहीच."

"मग सांगायचं नाही का नंतर?"

"तुम्ही विचारायचं नाही का?"

"एकदा सांगितल्यावर परत काय विचारायचं?" हे म्हणाले. आणि ते खरंच होतं, त्यांच्या बाजूनं. अख्ख्या तालुक्याचं त्यांनी तसंच सांभाळलं होतं. एवढंच की तालुक्यातली माणसं जाळीपाशी येऊन खरं सांगायची.

मला भांडायचं होतं. पण भांडायला समोर कुणी वाईट माणूस पाहिजे. छत्तीस वर्षं ह्यांनी माझ्या पुढ्यातून साय उचलली होती ती माझ्यासाठीच. आता तो राग नेऊन ठेवायचा कुठं? सासूबाई तर कधीच गेल्या. मग मला वाटलं, आपल्याकडूनही ह्यांचं असंच झालं असेल. मी तरी कुठं परत विचारलं होतं?

"तुमचं काय?" मी म्हटलं. "माझ्याकडून तुमचं काही चुकीचं धरलं गेलंय का? इतक्या वर्षांत?"

ह्यांनी मनापासून विचार केला. खोटं बोलायचा ह्यांचा स्वभाव नाही. पुढच्या सीटकडं बघत, एक एक दिवस आठवत असल्यासारखा विचार केला. मधल्या वाटेनं एक बाई मूल घेऊन संडासला गेली आणि परत आली, तरी त्यांचा विचार चाललाच होता.

"नाही," शेवटी हे म्हणाले. "माझं सगळं बरोबर आहे. मला काय पाहिजे ते मी मागतच आलो की."

हे त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं होतं. बायकोनं काही चुकू दिलं नाही, या अर्थानं.

 डोक्यावर दिव्याशेजारी एक बटण होतं. निघाल्यापासून मी ते बघत होते, पण लोक काय म्हणतील म्हणून हात लावला नव्हता. ते दाबलं. टिंग असा आवाज झाला. मघाची मुलगी आली आणि तिला बहुतेक वाटलं की आता हिची ही खिडकी पण गेली.

"मला कॉफी पाहिजे," मी म्हटलं. "दूध घालून. साखर दोन चमचे."

तिनं मान हलवली आणि ह्यांच्याकडं बघितलं. "आणि सरांना?"

मी म्हटलं, "त्यांना पाहिजे असली की ते मागतात."

ती थांबली. ह्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आणि मिटलं. "मला नको," म्हणाले. "हिला द्या."

कॉफी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. ते मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. एरवी मी म्हटलं असतं, असं कसं, घ्या की अर्धी. पण मी आग्रह केला नाही. कप आला, तो दोन्ही हातांत धरला, काचेकडं वळले आणि सगळी कॉफी एकटीनं प्यायले.